तळघराची दुरुस्ती अंगणातून

धुळ्याच्या जुन्या पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे आणि त्याच्या अंगणाखाली आणि रस्त्याकडच्या दुकानाखाली मिळून विटांच्या कमानींवर तोललेली तीन कोठारे आहेत. त्यांपैकी दोन कोठारे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याचे काम आता पुरे झाले आहे. चुलत भावंडांपैकी धुळ्यात राहणारी आणि नोकरीतून निवृत्त झालेली मी एकटीच असल्यामुळे हे काम माझ्या वाट्याला आले. चोपडा आणि धरणगाव येथील दोन परिचित कुटुंबांच्या घरांखालीही अशीच तळघरे आहेत. त्यांच्या प्रश्नांना तोंडी उत्तरे देताना बरेच काही सुटून जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. कोठारांच्या आत आम्ही जेवढे काम केले, त्याहून कितीतरी अधिक काम कोठारांच्या बाहेर, म्हणजे अंगणात, गटारात आणि पन्हाळीत करावे लागले, आणि पैशाचा मोठा वाटाही तिथेच गेला.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि व्यापाऱ्यांनी येथे येऊन वसावे म्हणून त्यांना जागा व सवलती दिल्या. त्या वसाहतीतील सरळ, समांतर गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात. चाळीसगाव-धुळे रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली. तोपर्यंत येथला माल बैलगाड्यांनी, मुख्यतः मुंबई-आग्रा रस्त्याने जात असे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर गाडीची चाके आसापर्यंत रुतत, त्यामुळे आषाढापासून दसरा-दिवाळीपर्यंत घेतलेला माल घरातच सांभाळावा लागे. आमच्या घराण्याची अडत होती. तुपाचे आणि तिळाच्या तेलाचे बुधले, गुळाच्या ढेपा, वह्यांच्या आणि रोकडीच्या पेट्या खाली असत. कापूस मात्र कधीच खाली उतरवत नसत, असे आजोबा सांगत, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण दमट जागेत सरकीला कोंब फुटतात आणि रुई पिवळी पडते. वरचे घर सागवानी तुळयांचे आणि मातीच्या धाब्याचे असल्यामुळे आगीची भीती कायम असे. विटा आणि चुना यांखेरीज दुसरे काहीही नसलेले कोठार ही त्या काळातील तिजोरीच होती.

प्रत्येक कोठार सुमारे तीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद आहे. भिंती तीन फूट जाडीच्या आहेत, आणि त्यांच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग कमान टाकलेली आहे. तिच्या मधल्या भागाखाली साडेआठ फूट उंची मिळते. विटा चपट्या, दीड इंच जाडीच्या असून दोन विटांमधला चुन्याचा थर काही ठिकाणी विटेच्या निम्म्याइतका भरतो. भिंतींत दिवळ्या आहेत, त्यांच्या वरच्या कडेला अजून काजळी आहे, आणि प्रत्येक कोठाराला अंगणात उघडणारे दोन झरोके होते. ‘होते’ असे म्हणण्याचे कारण पुढे येईल.

कित्येक वर्षे बंद असलेले दार उघडले त्या दिवशी आत कोणी जायचे नाही, हे गल्लीतील वृद्धांनी आम्हाला बजावून सांगितले. पेवात, म्हणजे धान्य साठवण्याच्या जमिनीतील खड्ड्यात, उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत त्यांनी लहानपणी पाहिलेली होती. साठवलेले धान्य श्वास घेते, पेवातला प्राणवायू संपतो, जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि घाईने उतरलेला माणूस वर येत नाही. आमच्या कोठारांत धान्य नव्हते, पण कुजलेली लाकडे आणि वटवाघळांची विष्ठा होती. आम्ही दार दोन रात्री उघडे ठेवले, भाड्याने आणलेले प्राणवायू मोजण्याचे यंत्र दोरीने आत सोडले, आणि आकडा १९.५ टक्क्यांच्या वर आहे याची खात्री झाल्यावरच मजूर आत गेले. वटवाघळांची विष्ठा सुकी झाडली तर तिची धूळ फुप्फुसात जाऊन बुरशीचा आजार होऊ शकतो. म्हणून ती आधी पाणी शिंपडून ओली केली आणि तोंडाला मुखपट्टी बांधून गोण्यांत भरली. वटवाघळे स्वतःहून मागच्या पिंपळाकडे निघून गेली, त्यासाठी काही करावे लागले नाही.

कुटुंबाची संमती मिळवणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा भाग होता आणि तो थोडक्यात आटोपते. मिळकत पत्रिकेवर मयत झालेल्या तीन चुलत्यांची नावे तशीच होती. वारसांच्या नोंदी करून घेणे, पुण्यात आणि सुरतेत राहणाऱ्या भावंडांकडून मुखत्यारपत्रे मागवणे आणि एका बांधकाम व्यावसायिकाने मांडलेला प्रस्ताव नाकारणे, यांत बराच काळ गेला. त्या प्रस्तावात कोठारे मुरूम टाकून बुजवायची आणि वर पाच मजली इमारत उभी करायची होती. भावंडांपैकी दोघांना तो मोह पडला होता, आणि त्यांना दोष देण्याचे मला कारण वाटत नाही, कारण पडक्या वाड्याचा कर भरणे हे कोणालाही आवडत नाही. कोठारे बुजवली, तर तिन्हींच्या जाड भिंतींवर अर्धे पेलले गेलेले शेजारचे घर कोण सावरणार, या प्रश्नाचे उत्तर त्या व्यावसायिकाकडे नव्हते, आणि तिथेच तो प्रस्ताव मिटला.

कागदोपत्री अडचण वेगळीच निघाली. नगर भूमापनाच्या नकाशात जमिनीवरचे क्षेत्र असते. जमिनीखाली काय आहे, याचा आमच्या कागदांत कुठेही उल्लेख नव्हता. नवीन तळघर म्हणून अर्ज करावा, तर राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराचे छत आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ०.९ मीटर वर असावे लागते, आणि आमच्या कमानींची डोकी तर अंगणाच्या फरशीखाली होती. शेवटी अनुभवी वास्तुविशारदाच्या सल्ल्याने आम्ही कोठारांची फुटाफुटाने मोजणी करून नकाशे काढले, स्थापत्य अभियंत्याचा स्थिरतेचा दाखला जोडला, आणि ‘अस्तित्वातील बांधकामाची दुरुस्ती, क्षेत्रफळात वाढ नाही’ अशा स्वरूपात अर्ज दिला. आमचा वाडा वारसा वास्तूंच्या कोणत्याही यादीत नाही. इमारत जुनी आहे एवढ्याने तिला आपोआप संरक्षण मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. यादीत नाव नसेल तर बंधने नाहीत आणि सवलतीही नाहीत. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी मोजणीचे नकाशे सर्वांत आधी करून घ्यावेत. आमच्या प्रकरणात दर वेळी टेबलावरचा वाद त्या नकाशांनीच मिटवला.

खरे काम ओलीच्या शोधाने सुरू झाले. भिंतींचा खालचा चार फुटांचा भाग काळपट ओला होता, त्यावर पांढरा लोणा फुललेला होता आणि बोट लावले की विटेचा भुगा हातात येत होता. पूर्वी कधीतरी एका ठेकेदाराने यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा लावून दिला होता, आणि नासाडी नेमकी त्या गिलाव्याच्या मागे सर्वांत जास्त होती. कारण सरळ आहे. चुन्याच्या भिंतीत शिरलेले पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर पडून सुकते. सिमेंट त्याची वाट अडवते, मग पाणी विटेत वर चढत राहते, त्यात विरघळलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा ढकलून काढतात. ज्या भिंतीपलीकडे पूर्वी बैलांचा गोठा होता, त्या भिंतीत सोरा या क्षाराचे प्रमाण इतके होते, की गिलावा काढल्यावर वीट दिसतच नव्हती, नुसते पांढरे केस उगवल्यासारखे दिसत होते.

परंतु सगळी ओल एकाच वाटेने येत नव्हती. आमच्या अभियंत्यांनी भिंतीवर निरनिराळ्या उंचीवर हातभर प्लॅस्टिकचे चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेवले आणि काही दिवसांनी ते पाहिले. खालच्या चौकोनांच्या मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून, पाणी धरलेले होते. वरच्या चौकोनांवर मात्र समोरच्या, हवेकडील बाजूला थेंब होते. म्हणजे खालची ओल जमिनीतून आणि वरची ओल हवेतून येत होती. पावसाळ्यातील दमट हवा थंड कोठारात शिरली, की तिच्यातील बाष्प भिंतीवर जमते. ‘कोंदट आहे, दारे उघडा’ असे म्हणून आम्ही श्रावणात दिवसभर दारे उघडी ठेवत होतो, तेव्हा कोठारे सुकण्याऐवजी भिजत होती. वीस रुपयांच्या प्लॅस्टिकने जे कळले, ते ओल मोजण्याच्या महागड्या यंत्राच्या आकड्यांतून मला कळले नव्हते.

जमिनीतून येणाऱ्या ओलीचा माग काढत आम्ही अंगणात पोहोचलो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अंगणावर थरावर थर चढले होते: मूळची दगडी फरशी, तिच्यावर शहाबादी, तिच्यावर सिमेंट काँक्रीट. या थरांखाली झरोक्यांची तोंडे गाडली गेली होती, जुने दगडी गटार बुजले होते, आणि वरच्या काँक्रीटचा उतार रस्त्याकडे असण्याऐवजी घराकडे झाला होता. त्यात भर म्हणून नळाच्या जुन्या जोडणीला कोठाराच्या भिंतीपासून दोन फुटांवर गळती होती आणि धाब्याची पन्हाळ थेट त्याच कोपऱ्यात पडत होती. आम्ही काँक्रीट फोडून काढले, मूळ फरशीची पातळी गाठली, रस्त्याकडे उतार दिला, दगडी गटार मोकळे करून वापरात आणले, पन्हाळीचे पाणी नळीतून गटारात सोडले आणि नळाची जोडणी नवीन केली. आत एक वीटही न बदलता पुढच्या उन्हाळ्याअखेर भिंतींच्या ओलीची रेघ फूट-दीड फूट खाली उतरली. एवढे होईपर्यंत आत गिलावा लावायचा नाही, असा आमच्या अभियंत्यांचा आग्रह होता. नातेवाईक येऊन ‘इतका खर्च केला, दिसत तर काहीच नाही’ असे म्हणत, तेव्हा तो आग्रह पाळणे मला जड गेले, हे खरे आहे.

अंगण खणताना एक प्रसंग टळला, तो सांगणे आवश्यक आहे. खोदकामाच्या ठेकेदाराचे म्हणणे असे होते, की कमानींवर तीन फूट माती आहे, ती काढून टाकावी म्हणजे कमानींवरचे ओझे कमी होईल. ऐकायला हे पटते. पण कमान वजनाने पडत नाही, ती वजन असमतोल झाले की पडते. कमान आपले वजन दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तिरके ढकलत असते, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर भरलेली माती त्या ढकलण्याला आवर घालते. एका बाजूची माती काढली, तर कमान त्या बाजूला उचलली जाते आणि दुसऱ्या बाजूला बसते. अभियंत्यांनी खोदकाम थांबवले, आत आधी लाकडी टेकू उभे केले आणि मग माती दोन्ही खांद्यांवरून सारख्या थराने, एका वेळी अर्धा फूट, उचलायला लावली. तीही फक्त गळतीच्या जागेपुरतीच. भाडेकरूच्या पाण्याची सिंटेक्सची टाकी एका कमानीच्या बरोबर खांद्यावर ठेवलेली होती, ती हलवून जाड भिंतीच्या माथ्यावर घेतली. अंगणात मोटारसायकली ठेवायला हरकत नाही, पण मालाचा टेम्पो आत येऊ द्यायचा नाही, यासाठी दारात दगडी खुंट रोवले आहेत. त्यावरून अजूनही वाद होतात.

चुन्याच्या कामासाठी आम्हाला शिरपूरकडचे एक वयस्कर गवंडी मिळाले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि आपल्या अहिराणीत एवढेच म्हटले, “ताई, आठे सिमेंट नको. चुनानी भित चुनाच मांगस.” (इथे सिमेंट नको. चुन्याची भिंत चुनाच मागते.) पूर्वी खानदेशात काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात सापडणारे चुनखडीचे खडे भाजून चुना करत, त्या खड्यांत मातीचा अंश असल्यामुळे तो चुना ओलसर जागीही घट्ट होत असे. आज बाजारात पोत्यातून मिळतो तो शुद्ध चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, आणि तळघरातील ओल्या, बंद जागेत तो कित्येक महिने मऊच राहू शकतो. म्हणून त्यात सुरखी, म्हणजे विटा-कौलांची बारीक पूड, घालावी लागते. सुरखीसाठी आजच्या कडक भाजलेल्या विटांची पूड चालत नाही, कारण जास्त भाजलेल्या मातीची चुन्याशी फारशी प्रक्रिया होत नाही. आम्ही जुनी मऊ कौले आणि मूळ विटांचे तुकडे कुटून, चाळून घेतले. चुना हौदात भिजवून वर पाण्याचा थर राहील अशा रीतीने महिनाभर मुरवला. गवंडी रोज सकाळी त्यात थापी उभी खुपसून पाहत आणि ती किती चिकटून वर येते त्यावरून चुना तयार झाला की नाही ते ठरवत.

सैल झालेल्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या चुन्याच्या सांधी, इंचभर खोल कोरून, पाणी मारून, नव्या चुन्याने भरल्या. दुसऱ्या कोठारात कमानीच्या माथ्यावर लांबीभर एक चीर होती. भिंत बाहेरच्या बाजूला किंचित सरकली की कमानीचा माथा खालून उघडतो, ती ही चीर. तिथे सुटलेल्या विटा एकेक काढून, खालून टेकू देऊन, चुन्यात बसवल्या आणि शेवटच्या फटीत विटेच्या पाचरी ठोकल्या. चपट्या विटा कुठून आणाव्यात, हा प्रश्न होता. आजच्या जाड विटा कमानीच्या गोलाईत बसत नाहीत, दर्जा वेड्यावाकड्या होतात. काही विटा पाडकाम झालेल्या एका वाड्यातून मिळाल्या, बाकीच्या एका भट्टीवाल्याने वेगळा साचा करून पाडून दिल्या. त्याने भाव जास्त लावला, पण विटा चांगल्या दिल्या. सोऱ्याच्या भिंतीवर कागदाचा ओला लगदा थापून, तो सुकून गळून पडला की पुन्हा नवा थापून, क्षार बाहेर ओढून घेतले. त्या भिंतीला अजून गिलावा केलेला नाही आणि बहुधा कधी करूही नये.

वापर काय करावा, यावर काम चालू असतानाच मागण्या येऊ लागल्या. देशी बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाला कोठार हवे होते, आणि मला तो विचार मनापासून आवडला होता. पण बियाण्याला थंडाव्याइतकीच कोरडी हवा लागते, आणि पावसाळ्यात आमच्या कोठारातील आर्द्रता त्याला मारक ठरली असती. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना अभ्यासिका हवी होती. मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांवर असताना आत आमचा तापमापक २८-२९ दाखवतो, तेव्हा त्यांची मागणी योग्यच होती. परंतु दुसऱ्या कोठाराला बाहेर पडण्याचा मार्ग एकच आहे, आणि अरुंद जिन्याच्या एकाच मार्गावर पन्नास मुले बसवण्याला अग्निशमन अधिकाऱ्यांनी नकार दिला. नियम बाजूला ठेवला तरी तो नकार बरोबर होता. मग आम्ही अभ्यासिका कोठाराच्या वरच्या ओसरीत केली आणि मोकळ्या केलेल्या झरोक्यावर पंखा बसवून चैत्र-वैशाखात खालची गार हवा ओसरीत खेचून घेतो. पावसाळा लागला की पंखा बंद, झरोक्यांवर झाकणे, आणि दारेही बंद. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत सगळे उघडे. हे वेळापत्रक दाराच्या आत रंगवून ठेवले आहे, कारण नवीन माणूस नेमके उलटे करतो.

पहिले कोठार मातीची भांडी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला भाड्याने दिले आहे. मांडे भाजण्याची खापरे, माठ, रांजण यांना ओल बाधत नाही आणि ती पेटतही नाहीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तिथे घागरींच्या इतक्या चळती लागतात, की चालायला वाट उरत नाही. भाडे बाजारभावापेक्षा कमी आहे, पण भाडेकरूने दर पंधरवड्याला गटाराचे तोंड साफ करायचे, अशी अट करारात घातली आहे. दुसरे कोठार रिकामे ठेवून त्यात फक्त दिवे लावले आहेत. शाळांच्या सहली आणि अभ्यासक आधी कळवून, थोड्या संख्येने येतात. विजेच्या तारा भिंतीत खाचा पाडून बसवण्याऐवजी तळाशी उघड्या नळीतून नेल्या आहेत, त्यामुळे त्या दिसतात. छायाचित्रे काढणाऱ्यांना ते खटकते, मला खटकत नाही.

तिसरे कोठार अजून बंद आहे. ते रस्त्याकडच्या दुकानाखाली येते, दुकानाच्या भाड्याचा दावा न्यायालयात आहे, आणि दुसऱ्या कोठारातून तिकडे जाणारे जुने दार विटांनी चिणलेले आम्हाला गिलावा काढताना सापडले. ते उघडले, तर दुसऱ्या कोठाराला रस्त्याकडे उतरणारा दुसरा मार्ग मिळतो आणि तिथल्या माणसांच्या संख्येवरची मर्यादा बदलू शकते. दुकानदाराने निकाल लागेपर्यंत चिणलेल्या दाराला हात लावू दिलेला नाही. मात्र त्याच्या मोरीचे पाणी आमच्या नव्या गटाराला जोडायला तो तयार झाला आहे, आणि ती जोडणी येत्या पावसाळ्यापूर्वी करायची आहे, कारण तिसऱ्या कोठाराच्या भिंतीत सध्या तेच पाणी मुरते आहे.